बंगल्यांचा हंगाम

होळीची राख पुरती गार होत नाही तोच गल्लीच्या तोंडाशी मिक्सर येऊन उभा राहतो. यंदाही राहिला. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिकडं घरघर सुरू झाली. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत कुणाचा तरी बंगला उठतो आहे. कुणाचा, हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही. निम्म्या रस्त्यात खडीचा ढीग, उरलेल्या निम्म्यात दगडाच्या डस्टचा, आणि मधून सळयांचे भारे असे आडवे टाकलेले की दूधवाला जाताना रोज कुणाला तरी शिवी हासडून जातो. दुपारपर्यंत माझ्या माठाच्या झाकणीवर सिमेंटची पिठी बसते. मी ती पुसते. संध्याकाळी परत बसते.

उन्हाळा म्हटल्यावर लोकांना आंबा आठवतो, मोगरा आठवतो, आजोळ आठवतं. मला ओल्या सिमेंटचा वास आठवतो. पुष्कळांना तो वास आवडतो म्हणे. नव्या घराचा वास, भरभराटीचा वास. मी नाकाला पदर लावते.

आमच्या बीड जिल्ह्यात घरं बांधायची ती होळी ते मृग. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या तोवर परतलेल्या असतात, हातांना काम पाहिजे असतं. रानं रिकामी असतात. पुण्याला नोकरीला असलेल्यांच्या पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतात. पाऊस आडवा येत नाही. सगळं जमून येतं. एक पाणी तेवढं नसतं, आणि बांधकामाला सगळ्यात जास्त तेच लागतं. चैत्रात आमच्या विहिरींचे तळ दिसायला लागतात आणि चैत्रातच आम्ही सिमेंट कालवायला घेतो. हे शहाण्यांचं लक्षण नाही, पण गावात असं म्हणायची सोय नाही. म्हटलं की लोक म्हणतात, बाईंना दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

‘बाई’ म्हणजे मी. गावच्या शाळेत मी शिकवत होते, आता निवृत्त झाले. माजलगावहून येताना दिंद्रुडच्या अलीकडं आमचं गाव. माझे मालक दत्तात्रय शेती बघतात. त्यांचे धाकटे भाऊ विलास, माझे दीर, पुण्याला एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहेत. दोघा भावांत गावठाणातली जागा वाटली तेव्हा अर्धी आमच्याकडं आली. तिच्यावर आम्ही विटांचं, वर पत्रे घातलेलं तीन खोल्यांचं घर बांधलं. उरलेली अर्धी विलासभाऊजींची, ती कित्येक वर्षं मोकळी होती.

मोकळी, पण ओसाड नव्हती. आता जिथं त्यांचं पार्किंग आहे, तिथं चैत्रात बाजा पडायच्या. बाजांवर धुतलेली लुगडी अंथरून गल्लीतल्या बायका कुरडया घालायच्या. गव्हाचा चीक घाटायला दोघीतिघी लागत. एकीनं पातेलं धरायचं, दुसरीनं लाकडी दांड्यानं हलवायचं आणि तिसरीनं नुसत्या सूचना द्यायच्या. त्या चिकाचा आंबूस वास माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा, कारण ती खिडकी त्याच बाजूला उघडायची. भाकरी थापता थापता मी बाहेरच्यांशी बोलत असे. कुणाची सून नांदायला आली, कुणाची म्हैस आटली, हे मला तव्यावर भाकरी टाकता टाकता कळायचं. ती खिडकी नसती तर मी शाळा आणि घर एवढंच ओळखून म्हातारी झाले असते.

एका होळीनंतर विलासभाऊजी आले ते मोबाइलमध्ये घर घेऊन. संगणकावर काढलेलं चित्र होतं. पांढरा-करडा बंगला, काळ्या काचा, वर निळंभोर आकाश, अंगणात हिरवळ, एक परदेशी गाडी आणि दारात कुत्रं घेऊन उभी असलेली एक गोरी बाई.

“ही कोण?” मी विचारलं.

“वहिनी, ती नुसती चित्रातली हाय. अंदाज यावा म्हणून टाकत्यात.”

“ओसरी कुठंय?”

“ओसरी आता कोण ठिवतंय? हे समोरचं एलिव्हेशन बघा की. अशा एलिव्हेशनचं घर आपल्या आख्ख्या भागात न्हाई.”

मी चित्र बोटानं बाजूला सरकवून बघितलं. माझं घर जिथं असायला हवं होतं तिथं एकसारखी कापलेली हिरवी झुडपं होती.

“भाऊजी, आमचं घर कुठं गेलं यातून?”

ते हसले. “ते त्या कॉम्प्युटरवाल्यानं काढलं असंल. पत्रा दिसला की लुक जातो.”

मी हसले नाही. मालक हसले, धाकट्या भावाची हौस होती, त्यांना बरं वाटत होतं. विलासभाऊजी लहान असताना यांनीच त्यांना सायकलवर माजलगावला शाळेत पोचवलेलं. त्यांचं काही चांगलं झालं की यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा.

मी एकच गोष्ट मागितली. म्हटलं, “माझी खिडकी तुमच्या अंगाला आहे. भिंत चढवताना हातभर जागा सोडा, एवढंच.”

“प्लॅनमधी बसत न्हाई, वहिनी. हद्दीपतूर जागा माझीच हाय ना?”

“हाय.”

“मग?”

कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. गावात पूर्वी कायद्याच्या आधी एक हातभर जागा असायची. ती कुणाच्या कागदावर नव्हती. तिच्यातून मांजरं जायची, पागोळ्या पडायच्या, दोन घरांच्या बायका एकमेकींना मीठ द्यायच्या. नव्या घरांनी पहिल्यांदा काय खाल्लं असेल तर ती हातभर जागा.

पाया झाला, कॉलम उभे राहिले आणि एके सकाळी मी चुलीपुढं बसलेली असताना खिडकीबाहेर वीटकाम सुरू झालं. मिस्त्री होते रशीदभाई, दिंद्रुडचे. आमचं घरही त्यांनीच बांधलेलं. ती खिडकी त्यांनीच बसवलेली. पहिला थर खिडकीच्या चौकटीखाली लागला तेव्हा मी भाकरी थापतच राहिले. दुसरा थर दिसायला लागला तेव्हा ते थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “मैंने बोला था उन्हें. म्हणलो, थोडी गल्ली सोडा, वारा खेळंल. त्यास्नी पटलं न्हाई.”

“तुम्ही तुमचं काम करा रशीदभाई.”

“करतो. पर हात चालत न्हाई.”

हात चालत नव्हता, तरी विटा चढत होत्या. त्यांचा चेहरा आधी हनुवटीपर्यंत झाकला, मग नाकापर्यंत. उजेड तव्यावरून सरकून परातीवर आला, परातीवरून माझ्या मांडीवर, आणि मग नुसता वरच्या कोपऱ्यात एक पट्टा उरला. मी चहा केला. कपबशी त्या फटीतून जाईना, म्हणून फुलपात्रात ओतून दिला. त्यांनी पलीकडं उभ्यानं प्यायला, फुलपात्र विसळून परत आत दिलं आणि “माफ करना बाई” म्हणून शेवटचा थर लावला. मी बटण दाबून दिवा लावला. सकाळी भाकरी करायला दिवा लावण्याची ती माझ्या घरातली पहिली वेळ. तेव्हापासून रोज लावते.

स्लॅबचा दिवस मोठा थाटाचा होता. काँक्रीट वर चढवायची लिफ्ट लागली, टोळीतली माणसं घमेल्यांची साखळी करून उभी राहिली, नारळ फुटला, बुंदी वाटली. विलासभाऊजी पांढरा शर्ट घालून वर उभे होते. दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले आणि जाताना यांना सांगून गेले, “दादा, पाण्याला कमी पडू देऊ नका. मी रोज टँकर लावलाय.”

स्लॅबवर सिमेंटचे बारीक बांध घालून आळी करतात आणि त्यात पाणी कोंडतात. काँक्रीट तहानलेलं राहिलं तर तडकतं. हे सगळं खरं आहे. पण खालीही माणसं तहानलेली होती. गावाची विहीर चिखल दाखवत होती, हातपंप हवा ओढत होता आणि गावासाठीचा टँकर आला तर येत होता, नाही तर नाही. बायका उन्हात घागरी ओळीनं मांडून, घागरींवर खुणेचे दगड ठेवून सावलीला बसलेल्या असत. आणि त्यांच्या डोक्यावर, विलासभाऊजींच्या घराच्या छपरावर, एक तळं भरलेलं होतं. त्या तळ्यावर चिमण्या येत. कावळे येत. उन्हात त्याची तिरीप समोरच्या घरांच्या भिंतींवर नाचायची. तहानलेल्या माणसानं बघू नये अशी ती तिरीप होती.

समोरच राहणारी कौसाबाई एका दुपारी आली. ती आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जातात. त्या वर्षी नुकतीच परतलेली. सून बाळंतीण होती. कौसाबाई दारातच उभी राहिली, कळशी कमरेवर.

“बाई, तुमच्या दिराच्या माडीवर तळं हाय म्हणं.”

“सिमेंटचं पाणी आहे गं ते. प्यायचं नाही.”

“पितंय कोण? घरात धुण्याचा ढीग पडलाय. भांडी तशीच हायती. राखंनं तरी किती घासावी?”

मी तिला घेऊन अर्धवट जिन्यावरून वर गेले. पाठोपाठ आणखी बायका आल्या. पातेल्यानं भरून भरून त्यांनी कळश्या, बादल्या भरल्या. बांधकामाच्या फळ्या, सेंट्रिंगचे टेकू, भर दुपारचं ऊन, आणि त्या करड्या तळ्यात लुगडी खोचून उभ्या असलेल्या बायका. नुसता पातेल्यांचा आवाज. मला आठवणारं त्या घरातलं सगळ्यात चांगलं दृश्य तेच. त्या दिवसाएवढी माणसं त्या घरात नंतर कधी वावरली नाहीत.

दुसऱ्या सकाळी टँकर आला तेव्हा मी ड्रायव्हरला पाइप वर चढवू दिला नाही. ते विहिरीचं चांगलं पाणी होतं, पिण्याजोगं. म्हटलं, “आधी खाली, मग वर.” तो म्हणाला, “मला सायेबांनी सांगितलंय.” मी म्हटलं, “साहेबांना मी सांगते.” गल्लीतल्या घागरी भरल्या, कौसाबाईच्या सुनेला न्हाऊ घालायला पाणी गेलं, मग उरलेलं स्लॅबला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. वाईट हेतूनं टाकलं असेल असं मला वाटत नाही. खाली हात जोडल्याची चित्रं होती. पण त्या ग्रुपवर विलासभाऊजीही होते.

दुपारी यांच्या फोनवर त्यांचा आवाज आला. हे स्लॅबला पाणी मारून नुकतेच खाली उतरले होते, हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला.

“वहिनी, हे काय लावलंय तुम्ही?”

“पाणी दिलं लोकांना.”

“माझ्या स्लॅबचं पाणी हाय ते!”

“पाणी विहिरीचं आहे, भाऊजी. स्लॅब तुमचा आहे.”

“तडे गेले तर जबाबदार कोण? आं? गावाला पाणी पाजायचा मक्ता घेतलाय का मी? टोळीवाल्या बायका माझ्या घरावर चढत्यात अन् तुम्ही जिना दाखवता? दादा, तुम्ही तरी काय बोला की. तुमच्या जिवावर सोडून आलो मी.”

हे बोलणारे नाहीत. आमच्या लग्नापासून मी बघते आहे, भांडण आलं की हे गोठ्यात जातात. त्या दिवशी मात्र लुंगीला हात पुसत उभे राहिले.

“विलास,” हे म्हणाले, “उद्यापून तू तुजा माणूस बघ पाणी माराया.”

“म्हंजी?”

“म्हंजी माज्याच्यानं व्हनार न्हाई. लोकं खाली घागरी घिऊन बसल्यात अन् मी वर सिमेंटाला पाणी पाजतोय. कालपून मान वर करून चालता ईना मला गल्लीत. तू बघ तुजा माणूस.”

फोन तिकडून बंद झाला. दुसऱ्या दिवशी माजलगावहून एक राखणदार आला आणि जिन्याच्या तोंडाला पत्र्याचं दार लागलं, त्याला कुलूप. टँकर वरच रिकामा व्हायला लागला. खोटं कशाला सांगू, स्लॅबला काही झालं नाही. मला मनातून वाटत होतं, एखादी भेग पडावी. केसाएवढीही पडली नाही. पक्कं काम आहे.

पुढच्या वैशाखात वास्तुशांत झाली. आम्हाला निमंत्रण पत्रिका आली, पोस्टानं पाहुण्यांना येते तशी, मध्ये एक भिंत असताना. आम्ही गेलो. घर आतून बघितलं. हॉल दोन मजले उंच, वर बघितलं की विहिरीत उलटं पडल्यासारखं होतं. छताला पीओपीची नक्षी, तिच्यात जांभळे, निळे दिवे. सरकत्या काचेच्या खिडक्या, त्याही पक्क्या बंद, कारण एसी आहे. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, मध्यभागी आणखी एक ओटा, ज्याच्यावर काय करायचं ते जाऊबाईंनाही सांगता आलं नाही. बसायला पाट टाकावा अशी जागा कुठं नाही. फरशी इतकी गुळगुळीत की म्हातारी माणसं एकमेकांना धरून चालत होती. प्रत्येक खोलीला संडास, आणि पाहुण्यांनी चपला कुठं काढायच्या हे मात्र कुणाला माहीत नाही. सगळ्या फाटकाबाहेर धुळीत. मी जाणून घेतलं, माझ्या खिडकीच्या बरोबर पलीकडं काय आहे ते. टीव्हीची भिंत आहे. तिथं लाकडाचं खोटं कपाट करून त्यात प्लॅस्टिकची वेल सोडली आहे.

कौसाबाई खणा-नारळाचं ताट घेऊन आली होती. फाटकाशी जाऊबाईंनी तिला थांबवलं. “मागच्या बाजूनं या हं, पाय धुऊन. पांढऱ्या टाइल्स आहेत.” कौसाबाई मागून गेली, पाय धुतले, ताट दिलं, मांडवात जेवली आणि गेली. मी घरी येऊन धुमसत बसले. संध्याकाळी ती ताकाला आली तेव्हा मला राहवलं नाही.

“तुला राग कसा येत नाही गं?”

“कावून यावा? नव्या घराला माणूस जपतंच की.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “बाई, खरं सांगू का? मलाबी असंच घर पायजे.”

“असलं? भट्टी आहे ती नुसती.”

“असू दे भट्टी. तुमी लई खिडकी खिडकी करता. सा म्हैने मी उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हाते. कोपीला समदीकडनं खिडकीच अस्ती. समदीकडनं वारं, समदीकडनं पाऊस, अन् समदीकडनं मानसं बघत्यात. आंघूळ करायची तर अंधार पडायची वाट बघायची. मला एक घर असं पायजे की दार लावलं, तर कुनाची नदर आत याया न्हाई.”

वारा, ओसरी, वाळवण, हे सगळं मला आठवतं ते पक्क्या भिंतींच्या आत बसून आठवतं, हे तिनं न म्हणता मला कळलं. पण माझा राग त्यानं गेला नाही, उलट नेमका झाला. कौसाबाईला दार हवं होतं ते आत राहून लावायला. विलासभाऊजींनी बांधलं ते बाहेरून लावायला. वास्तुशांतीनंतर तिसऱ्या दिवशी त्या दाराला कुलूप लागलं. दिवाळीत उघडलं, पाडव्याला पुन्हा लागलं. कौसाबाईच्या पोराला निजायला, सुनेला पडून राहायला पुरतील एवढ्या खोल्या समोर रिकाम्या आणि ती घागर घेऊन त्यांच्यासमोरून जाते.

आणि हे एकट्या आमच्या गल्लीचं नाही. अंबाजोगाईच्या बसमध्ये खिडकीशी बसावं आणि बघत जावं. गावाच्या वेशीपाशी आता मारुतीच्या आधी प्लॉटिंगची कमान लागते. कमानीच्या आत चुन्याच्या रेघा आणि त्या रेघांवर तोच बंगला, पुन्हा तोच, पुन्हा तोच. करडा, पांढरा, मध्ये एक लाल पट्टा. पुढं दाराशी दोन खांब, ज्यांच्यावर काही पेललेलं नाही. स्टीलचा कठडा उन्हात असा तापलेला की हात लावला तर फोड येईल. भिंतीवर काचा लावलेलं कंपाउंड. आत माणूस दिसला तर तो राखणदार. लिंबागणेशला चतुर्थीला जाताना वाटेत एका बंगल्यावर सोनेरी अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं आहे. मागं पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढं त्यांची आई बसलेली असते. कुणीतरी मला कारण सांगितलं: धुरानं पीओपी काळं पडतं. सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आम्ही घरं कुणासाठी बांधतो आहोत? राहणाऱ्यासाठी नाही, ते उघड आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी, ग्रुपवर फोटो बघणाऱ्यासाठी, भावकीसाठी. विशेषतः भावकीसाठी. भाऊ पत्र्यात राहतो म्हणून स्लॅब, शेजाऱ्याचा स्लॅब झाला म्हणून दोन मजले. कुणी तरी हरल्याशिवाय यातलं एकही घर पुरं होत नाही. आणि मग त्याला कुलूप घालून सगळे निघून जातात, आणि जे हरले ते त्याच्या तापलेल्या भिंतीशेजारी राहतात. रात्री माझ्या स्वयंपाकघराची ती भिंत हात लावला तर गरम लागते. दिवसभर त्या बंगल्यानं प्यायलेलं ऊन रात्री माझ्या घरात येतं.

गेल्या उन्हाळ्यात हे आजारी पडले. पोटाचं ऑपरेशन करावं लागलं, अंबाजोगाईला. आम्ही तिथं बरेच दिवस होतो. विलासभाऊजींना कळवू का, मी विचारलं. हे म्हणाले, “नगं. उगं त्याची धावपळ.” मी कळवलं नाही. हे इतके वाळले की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

सोडलं त्या दिवशी दुपारी रिक्षानं गावात आलो. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडलेली, रिक्षा आत जाईना. उतरलो, चालायला लागलो. यांच्या डोक्यावर उन्हासाठी टॉवेल गुंडाळलेला, एक हात माझ्या खांद्यावर. विलासभाऊजींच्या फाटकापर्यंत आले आणि पाय थरथरायला लागले. “जरा टेकतो,” म्हणाले. फाटकाला लागून ग्रॅनाइटची पायरी आहे, वर स्लॅबची पडछाया. गल्लीत तेवढीच सावली होती. हे बसले, मान खाली घालून.

फाटकाच्या खांबावर आदल्या हिवाळ्यातच कॅमेरा बसवलेला होता, बोलणारा. तो आधी किरकिरला, मग त्यातून आवाज आला.

“ए, कोन हाय बे तिथं? उठ. ऊठ तिथनं. गेटसमोर बसायचं न्हाई.”

आवाज पुण्याहून आला होता. मी ओळखला. यांनीही ओळखला. यांनी मान वर केली, टॉवेल कपाळावरून मागं सारला आणि त्या काचेच्या डोळ्याकडं बघितलं.

“विलास, मी हाय,” हे म्हणाले. “जरा टेकलो व्हतो. उठतो.”

कॅमेऱ्यातून नुसती बारीक खरखर, मग तीही थांबली. हे माझ्या खांद्याला धरून उठायला लागले.

“बसा,” मी म्हटलं. “बसा तुम्ही. बघू कोण उठवतंय.”

“नगं. त्याचं घर हाय. उठ म्हनला न्हवं.”

उठले. उठताना टाक्यांना ताण बसला तो त्यांच्या ओठांवर दिसला. मी त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, घरात गेले, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आले आणि गल्लीत मांडल्या, फाटकापासून हातभर अंतरावर. बंगल्याची सावली तिथपर्यंत पडलेली होती आणि रस्ता कुणाच्याच हद्दीत नव्हता. यांना बसवलं. शेजारी मी बसले. समोरून कौसाबाई आली, काही न विचारता यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तिथंच जमिनीवर टेकली.

यांच्या खिशात फोन वाजायला लागला. यांनी काढून बघितला, नाव वाचलं, तळहातावर तसाच धरून ठेवला.

“कोण?” कौसाबाईनं विचारलं.

“वाजू दे,” हे म्हणाले.

वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. हे तांब्यातलं पाणी घोट घोट पीत राहिले. मी मान वर करून त्या कॅमेऱ्याकडं बघत बसले, नजर न हलवता. बघतो आहेस तर नीट बघ, म्हटलं.